पाठीवरचं ऊन

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. लोणखेड्याच्या बाजूला थोडी शेती आहे, सकाळी तिकडे फेरी मारतो. कोवळं ऊन पाठीवर आलं की अक्कलकुवा तालुक्यातलं एक मिसिंगचं प्रकरण आठवतं आणि मी बांधावर उभाच राहतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण थक्क झालो तो त्या एकाच वेळी.

तेव्हा मी डोंगराकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नर्मदेकाठच्या पाड्यावरचा सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा हरवल्याची खबर त्याच्या थोरल्या मुलाने दिली. मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली. फोटो नव्हता, म्हणून नुसतं वर्णन आजूबाजूच्या ठाण्यांना पाठवलं आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो. म्हातारी माणसं नातेवाइकांकडे जातात आणि आठवड्याने आपली आपण परत येतात. खरं सांगायचं तर मी ते प्रकरण अंगाला लावून घेतलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळीच पोलीस पाटलाचा फोन आला. आवाज दबका होता.

"साहेब, लोक म्हाताऱ्याच्या धाकट्या सुनेचं नाव घेतात. डाकीण आहे, तिनेच म्हाताऱ्याला खाल्लं म्हणतात. परवा सकाळी भगत दाणे बघून डाकीण ठरवणार. त्याच्या आत काहीतरी करा. नाही तर त्या बाईचं काही खरं नाही."

एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की काय होतं हे मी पाहिलेलं आहे. सुटली तर गाव सोडून जाते, नाही तर पंचनाम्यात सापडते. कायदा आहे, पण त्या पाड्यावर कायद्यालाही जीपने तीन तास लागतात. बाई विधवा होती आणि तिच्या वाट्याचं शेत थोरल्या दिराच्या शेताला लागून होतं. असल्या प्रकरणात मी भुताखेतांच्या आधी बांध बघतो.

तिला ठाण्यात आणलं. कागदावर संरक्षणासाठी, पण चौकशी मी संशयितासारखीच केली. ती माझी चूक होती. सासरा शेवटचा कधी दिसला? भांडण झालं होतं का? गेला कुठे? प्रत्येक प्रश्नाला ती जमिनीकडे बघून एकच उत्तर देई, "माहीत नाही." दिवस मावळला तरी आम्ही तिथेच.

माझे हवालदार धानोऱ्याकडचे, जुने आणि मुरलेले. ते मला व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "साहेब, बाई खोटं बोली नही ऱ्हायनी. ती घाबरेल शे. आपण दोन्ही जण बाहेर थांबूत."

आमच्याकडे एक महिला शिपाई होती, डोंगरातलीच, त्यांची बोली बोलणारी. तिने त्या बाईसमोर चहा ठेवला, स्वतःही जमिनीवर बसली आणि सासरा गेला कुठे हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की संध्याकाळी तुम्ही दोघं बोलायचात कशावर?

बाईने चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "दर्यावर."

ही बाई नवऱ्याबरोबर सुरतेला बांधकामावर कामाला जायची. स्लॅब टाकला की एक दिवस सुटी मिळे, तेव्हा सगळ्या बायका शहरातल्या बसने समुद्रावर जात. घरी आल्यावर ती सांगे, पाणी खारट असतं, पलीकडे काठच नसतो. पाड्यावरच्या बायकांनी तिला खोटारडी ठरवलं. सासऱ्याने मात्र विश्वास ठेवला. आयुष्य नदीकाठी गेलेला माणूस; एवढं पाणी जातं कुठे, हा प्रश्न त्याला लहानपणापासून पडलेला. तो रोज संध्याकाळी तिला वाट विचारायचा आणि ती सांगायची.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी आत येऊन विचारलं.

"मीच वाट सांगितली म्हणजे मीच पाठवलं, असं म्हणतील."

मी म्हटलं, ती वाट मला सांग. ती सांगत गेली आणि शिपाईबाईने मराठीत उतरवून घेतलं. तो जबाब मला अजून पाठ आहे.

"आधी जीप, मग एसटी. नंदुरबारला ठेसनावर निजायचं. सकाळच्या गाडीत बसायचं, गाडी जाते तिकडे तोंड करून. ऊन पाठीवर आलं पाहिजे. तोंडावर आलं तर गाडी चुकली, पुढच्या ठेसनावर उतरायचं. सगळे उतरतील तिथे उतरायचं. बाहेर निळ्या बस असतात. एकच शब्द बोलायचा, दरियो. एक बसवाला मान हलवेल, त्याच्या बसमध्ये बसायचं. बस रिकामी होईपर्यंत उठायचं नाही. खाली उतरलं की भज्यांचा वास येतो. वासाकडे चालायचं."

यात एकही पाटी नाही, नंबर नाही, अक्षर नाही. आणि एकही चूक नाही. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, कशासाठी ते मलाही कळलं नाही. दुपारपासून जिला मी दरडावत होतो, तिच्या डोक्यात अख्खा रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही नंदुरबार गाठलं. हवालदार, शिपाईबाई, ती आणि मी. स्टेशनवर रेल्वे पोलिसांनी सहा दिवसांपूर्वीचं कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. फेटा, काठी, हातात पिशवी. म्हातारा डब्यात चढला आणि इंजिनाकडे तोंड करून बसला. सुनेने तोंडाला पदर लावला.

सुरतेच्या पोलिसांना फोन करून आम्ही त्याच गाडीने निघालो. नवापूर गेलं, ऊन पाठीवर. सगळे उतरले तिथे उतरलो. निळी बस. तीच पुढे होऊन म्हणाली, "दरियो," आणि बसवाल्याने मान हलवली. हवालदार मला कोपराने ढोसत हसले. डुमसच्या शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली आणि भज्यांचा वास आला.

गुन्हेगार आणायला मी सुरतेला कितीदा गेलो होतो. कोर्ट, लॉकअप, स्टेशन, परत. समुद्र पाहिला नव्हता. काळी वाळू आणि तिच्यापुढे नुसतं पाणी, जिकडे बघावं तिकडे. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या इतक्या जवळ राहून ती न बघताच मी पन्नाशी ओलांडली, याची मला लाज वाटली.

"साहेब, मी बी पहिलाच डाव देखी ऱ्हायनू," हवालदार हळूच म्हणाले. त्यांनी टोपी काढली होती.

भजीवालीला विचारलं, तर तिने हात केला. "ए काका तो रोज आवे छे." पाण्याच्या कडेला फेटा दिसत होता. सून धावली. म्हाताऱ्याने तिला पाहिलं, आश्चर्य मुळीच दाखवलं नाही आणि समुद्राकडे काठी करून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. शिपाईबाईने मला सांगितलं, "म्हणतात, तू सांगितलंस त्यापेक्षा मोठा आहे."

घरी का आला नाहीत, असं विचारल्यावर तो रागावला. दोनदा नंदुरबारकडच्या सकाळच्या गाडीत बसला होता. गाडी बरोबर होती. पण परत येताना ऊन तोंडावर आलं आणि तोंडावर आलं तर उतरायचं, हे सुनेने बजावलेलं. दोन्ही वेळा पुढच्याच स्टेशनवर उतरला आणि मुकाट्याने समुद्रावर परत आला. भजीवाली खायला देत होती, म्हणून निभावलं.

मी सुनेकडे पाहिलं. परतीची वाट का नाही सांगितलीस?

"ती आम्हाला कधी शोधावी लागली नाही साहेब. होळी आली की मुकादम ट्रकने आणून सोडायचा."

संध्याकाळच्या गाडीने निघालो. सूर्य मागे कलला होता. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने मान वळवून स्वतःची पाठ पाहिली आणि समाधानाने डोळे मिटले.

सकाळी पाड्यावर पोचलो तेव्हा भगत बसला होता, दाणे मांडले होते. म्हातारा सरळ मध्ये गेला. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि भगताच्या ओंजळीत ओतली. भगताने चाखलं आणि थुंकला. मग म्हाताऱ्याने थोरल्या मुलाला चाखायला लावलं.

"खारट आहे ना?" म्हातारा म्हणाला. "काठही नाही. मी बघून आलो. हिने मला खाल्लं नाही. हिने मला दाखवलं."

मी जादूटोणाविरोधी कायद्याची समज दिली, थोरल्या मुलाचा आणि भगताचा जबाब घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. त्याची फारशी गरज उरली नव्हती, पण बांध तिथेच होता, म्हणून कागद केलाच.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं, की गप्प बसलेल्या माणसाला आपण गुन्हेगार समजतो. पुष्कळदा आपण फक्त चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. तेव्हापासून कुणालाही "गेला कुठे" विचारण्याआधी मी "तुम्ही बोलायचात कशावर" हे विचारू लागलो.

पुढच्या होळीच्या बंदोबस्ताला त्या पाड्यावर गेलो. अंगणात बायका जमल्या होत्या, तिला डाकीण म्हणणाऱ्याही त्यांत होत्या, आणि ती समुद्राची वाट सांगत होती. शिपाईबाई कान देऊन ऐकत होती. जीप, एसटी, ऊन, निळी बस, दरियो, भजी. मग शिपाईबाई हसून माझ्याकडे वळली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, येताना संध्याकाळच्या गाडीत बसा. ऊन पाठीवरच येतं."