कोरमअभावी तहकूब

सात दिवस आधी नोटीस काढल्याशिवाय जिला साधी जांभईही देता येत नाही, अशी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि ती नर्सिंगची तीन वर्षं माझ्या शेजारच्या कॉटवर झोपत होती. आम्ही तिला सेक्रेटरी म्हणायचो. तिचे वडील कोल्हारजवळच्या एका गावात विकास सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे बाकीच्या पोरी चिऊकाऊच्या गोष्टी ऐकत मोठ्या झाल्या तशी ही अहवालवाचन ऐकत मोठी झाली. होस्टेलला आली तेव्हा तिच्याकडे कपड्यांची एक पिशवी होती आणि वडिलांची जुनी रेक्झिनची बॅग. पिशवीत दोन ड्रेस कमी होते, पण बॅगेत आवक-जावक रजिस्टर, शाईचा पॅड, टाचण्यांची डबी, सगळं जागच्या जागी. पहिल्याच दिवशी खोलीतला पंखा कितीवर ठेवायचा यावर तिनं आम्हा चौघींची मतं घेतली, खाली सह्या घेतल्या आणि कागद भिंतीला डकवला. पंखा तीनवर ठेवायचं ठरलं. मे महिन्यात जीव जायची वेळ आली तरी तो तीनवरच फिरत राहिला, कारण ठराव बदलायचा तर फेरविचाराची सभा लावावी लागते आणि तेवढा वेळ ड्युट्यांमुळे कुणालाच नव्हता.

आता अशा माणसाच्या कानावर प्रिन्सिपल मॅडमनी नको ते घातलं. विद्यार्थी परिचारिकांची राज्यभर एक संघटना असते, तिची शाखा आपल्या कॉलेजात नाही, कुणीतरी पुढाकार घ्या, असं त्या सहज वर्गात बोलून गेल्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही उभी राहिली होती. मॅडमना हवे होते फक्त तीस सभासद, एक अर्ज आणि वर्षाकाठी एखादी पोस्टर स्पर्धा. पण ज्या जिल्ह्यात दूध सहकारी, साखर सहकारी, तिथे नर्स तेवढी सुटी कशी राहणार? वरून मान्यता यायला दोन महिने लागले. शाखेचा गोल रबरी शिक्का मात्र राहात्याहून त्याच आठवड्यात तयार होऊन आला, आणि तो नीट उमटतो की नाही हे बघायला तिनं माझ्या ॲनाटॉमीच्या वहीची अकरा पानं वापरली.

पहिल्या सभेची विषयपत्रिका मला अजून पाठ आहे. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, अगं, पहिलीच सभा आहे, मागली कुठून आणतेस? सेक्रेटरी जराही डगमगली नाही. "वाचायला काय न्हाई हे मान्य. पन कायम करायला काय हरकत हाय?" हरकत कुणाचीच नव्हती. न झालेल्या सभेचं न लिहिलेलं इतिवृत्त आम्ही चाळीस जणींनी एकमतानं कायम केलं.

एकमताचं तर विचारूच नका. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींचे बाप कारखान्याचे सभासद, त्यामुळे ठराव वाचायला सुरुवात झाली की मागून "मंजूर, मंजूर" ओरडायचं असतं हे त्यांच्या रक्तातच होतं. काय मंजूर झालं ते दुसऱ्या दिवशी नोटीसबोर्डावर कळायचं. असंच एकदा कळलं की राहात्याच्या आठवडे बाजारात हात धुण्याचं प्रात्यक्षिक द्यायचं मंजूर झालं आहे आणि ते मी देणार आहे. कांद्याच्या गोण्या आणि मेथीच्या जुड्या यांच्या मधे, बादली नि तांब्या घेऊन, पांढऱ्या गणवेशात मी एकच हात सात प्रकारे चोळत उभी राहिले. बायका थांबायच्या, शांतपणे बघायच्या आणि साबण केवढ्याला म्हणून विचारायच्या. विकायचा नाही म्हटल्यावर एक आजी म्हणाल्या, "मंग एवढं कशाला घासती गं, सालटं निघंल." सेक्रेटरी माझ्या शेजारी वही घेऊन उभी, आणि उपस्थितीच्या रकान्यात त्या आजींचं नाव लिहून घेत होती.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते दुसऱ्या वर्षी माझ्यापाशी येऊन अडलं. मेडिकल वॉर्डात माझी ड्युटी होती. दारापासून चौथ्या कॉटवर एक आजोबा होते. त्यांची बहीण आमच्या तिसगावात दिलेली, म्हणून मला "बहिणीच्या गावची" अशीच हाक मारायचे. एका सकाळी त्यांनी पाणी मागितलं. जग रिकामा होता, मी भरायला गेले, आणि परत आले तोवर ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, तू काही करू शकली नसतीस. असेल तसं. माझ्या हातात भरलेला जग होता आणि तो कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं, एवढंच मला आठवतं. हे काम आपलं नाही, असं माझ्या मनानं तिथेच घेतलं. दुपारी खोलीवर येऊन मी पत्र्याची पेटी भरायला काढली.

दुसरी कुणी असती तर जवळ बसली असती, पाठीवरून हात फिरवला असता. सेक्रेटरीनं दारात उभं राहून विचारलं, "राजीनामा लिवला का?"

मी म्हटलं, कसला राजीनामा? तर ती म्हणाली, शाखेचा. तो सभेपुढे ठेवावा लागतो, सभेनं मंजूर केला की शाखेचा ना हरकत दाखला मिळतो, आणि त्या दाखल्याशिवाय कॉलेज मूळ कागदपत्रं परत देत नाही. आता हे ऐकून कुठलाही शहाणा माणूस हसला असता. पण तिसगावात वाढलेली मी, विहिरीवर मोटर बसवायलाही ना हरकत दाखला लागतो हे बघितलेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रडत रडत राजीनामा लिहिला. तिनं त्यावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि सांगितलं, "सात दिसाची नोटीस लागती. तवर तू सभासद हाय. ड्युटी चुकवायची न्हाई."

सात दिवसांनी मेसच्या व्हरांड्यात सभा भरली. कोरम पंचवीसचा, आल्या अकरा जणी. सेक्रेटरीनं घड्याळात बघून गंभीरपणे लिहिलं, कोरमअभावी तहकूब. एका जाणकार पोरीनं शंका काढली की तहकूब सभा अर्ध्या तासानं तिथेच घेता येते, मग तिला कोरम लागत नाही. सेक्रेटरीनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ते सोसायटीला लागू आहे, आपल्या पोटनियमात नाही, असा निकाल दिला. आपले पोटनियम आपल्यापैकी कुणीच पाहिलेले नाहीत हे त्या क्षणी कुणाला सुचलं नाही. पुन्हा सात दिवसांची नोटीस निघाली. दुसऱ्या सभेला नऊ जणी आल्या. तिसऱ्या सभेला चारच, त्यातली एक ती आणि एक मी.

या तीन आठवड्यांत मी दाखल्याची वाट बघत ड्युटी करत राहिले. शुगरमुळे पायाला जखम झालेल्या एक मावशी होत्या, त्या माझ्याशिवाय कुणाला ड्रेसिंग करू देईनात, हळू हाताची पोरगी कुठं गेली म्हणून वॉर्ड डोक्यावर घ्यायच्या. आणि तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात आणखी एक बाई गेल्या. या वेळी मी जागेवर होते. त्यांचे डोळे मिटले, हनुवटी बांधली, हातपाय सरळ केले, बाहेर जाऊन त्यांच्या मुलाला बसायला खुर्ची दिली आणि मग सांगितलं. त्या दिवशी खोलीवर आल्यावर पेटीतले कपडे मी परत कपाटात लावले. चौथ्या सभेची नोटीस काही निघाली नाही, आणि मीही विचारलं नाही. तसं कागदोपत्री पाहिलं तर माझा राजीनामा आजही प्रलंबित आहे.

खरी गोष्ट शेवटच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर कळली. ही बाई प्रत्येक सभेआधी खोल्याखोल्यांतून हिंडून पोरींना येऊ नका म्हणून सांगत होती. मी जाब विचारला तर उलट मलाच ऐकवलं. "लई कष्ट पडले. येऊ नका म्हनलं की पोरी जास्तच यायच्या. तिसऱ्या टायमाला तर समद्यांना भेळ चारली, तवा कुठं आकडा चारवर आला." दाखल्याचा तो नियम अर्थातच कुठल्या पुस्तकात नव्हता.

पुढे मी नगरला नोकरीला लागले, ती राहात्याच्या एका दवाखान्यात. तिथल्या नर्सनी सुईची टोपणं कुठल्या डब्यात टाकायची यावरही तिनं ठराव करून घेतले असं कानावर यायचं आणि बरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना लकवा मारला. घरी दुसरं कुणी नाही. तिनं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, नोकरी सोडतेय, बाबांजवळ राहणार आहे. पाच मिनिटांत सगळ्यांची उत्तरं आली. काळजी घे, चांगला निर्णय, जोडलेले हात. मी एक फूल टाकलं आणि ड्युटीला गेले.

मागच्या महिन्यात तिच्या घरी गेले. घर तसंच टापटीप, वडिलांच्या कॉटच्या उशाशी औषधांचं वेळापत्रक, त्याखाली तिची सही. ओट्यावर बसून आम्ही चहा घेतला, खूप हसलो. मग बशी खाली ठेवत ती सहज बोलावं तसं म्हणाली, "ग्रुपवर मी आठ दिस बघत हुते गं. म्हनलं एखादी तरी म्हनंल, थांब म्हनून. कायतरी वाट काढू म्हनून."

मीही कप खाली ठेवला. मी आज नर्स आहे ती हिच्यामुळे, आणि हिच्या वेळी मला एक फूल सुचलं होतं. मी म्हटलं, माझी हरकत आहे, लिहून घे. ती हसली. म्हणाली, मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेता येत नाही, बाबांनी कधी घेतली नाही, मीही घेणार नाही.

तेवढ्यात तिनं घड्याळ पाहिलं. दर दोन तासांनी वडिलांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ती उठली, तशी मीही तिच्या मागून आत गेले. तिनं खांद्याला धरलं, मी कमरेला धरलं, आणि एक, दोन, तीन म्हटल्यावर आम्ही दोघींनी मिळून त्यांना हलकेच वळवलं.