जुनी मशीन, गडचिरोली

केदारसरांनी मीटिंगमध्ये माझी यादी सगळ्यांना दाखवली, तेव्हा मी माइक बंद ठेवून तुरीच्या शेंगा सोलत होते. फोनच्या पडद्यावर हिरव्या खुणांची रांग होती. आठ महिने, दर मंगळवारी बावीस खुणा, सगळ्या हिरव्या. वर लिहिलं होतं, ‘जुनी मशीन, गडचिरोली’. ती मशीन माझ्यासमोर टेबलावर होती. मी जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण तिच्यावर घातलेलं होतं.

‘‘बघा,’’ केदारसर म्हणाले, ‘‘एकही लाल खूण नाही. जुन्या मशीनवर सगळं चालतंय. मग तीन वर्षं झाली तरी निखिल नवं व्हर्जन का देत नाही?’’

शेंगा घेतलेलं सूप मी बाजूला ठेवलं.

मी आमच्या गावच्या ग्रामसभेच्या ऑफिसात काम करते. आधी झाडलोट करायची आणि दार उघडायचं, एवढंच काम होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. झाडता झाडता बघून कॉम्प्युटर शिकले. आमच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर आहेत. नागपूरच्या एका कॉलेजानं नवे घेतले तेव्हा हे जुने आम्हाला दिले. गावाचा बांबू विकला की प्रत्येक गाडीची नोंद सरकारी वेबसाइटवर करावी लागते. ती मी करत होते. मग एक दिवस वेबसाइट म्हणाली, तुमचा ब्राउझर जुना आहे.

ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून वेबसाइट दिसते ती खिडकी. नवी खिडकी आमच्या मशीनला झेपत नव्हती. त्यामुळे नोंदीचं काम तालुक्याच्या दुकानात जाऊ लागलं. बांबूची गाडी भरून उभी आणि माणूस कागद घेऊन एसटीची वाट बघत उभा.

त्याच सुमारास निखिलभाऊ आला. तो नागपूरचा. तो आणि त्याच्यासारखे बरेच जण मिळून, पगार न घेता, एक ब्राउझर बनवत होते. नाव टेंभूर, जंगलातल्या फळझाडावरून ठेवलेलं. तो जुन्या मशीनवरही चालणार होता. हा ओपन सोर्स आहे, असं त्यानं सांगितलं. म्हणजे काय, ते मला आमच्या ग्रामसभेच्या रजिस्टरावरून समजलं. कोणीही यावं, उघडून बघावं, चूक दिसली तर दाखवावी. त्याला जुनी मशीन असलेलं आणि दर आठवड्याला न चुकता तपासणारं माणूस हवं होतं. अशा तपासणाऱ्याला टेस्टर म्हणतात. मी झाले.

काम सोपं होतं. दर मंगळवारी बावीस कामांची यादी यायची. हे पान उघडा, हा फॉर्म भरा, हा फोटो चढवा. चाललं तर हिरवी खूण, नाही चाललं तर लाल. तपासणीचं व्हर्जन खऱ्या कामाला वापरू नका, अशी ताकीद होती. मी ती पाळली.

ग्रामसभेचे अध्यक्ष देवाजीभाऊ. त्यांनी सांगून ठेवलं होतं, ‘‘बाई, होळीपर्यंत पाहू. नाई झालं त नोंदी कायमच्या तालुक्याले देऊन टाकू.’’ नोंदी गेल्या की ऑफिसात मला झाडूच उरणार होता. झाडूची मला लाज नाही. पण आता कीबोर्डची सवय झाली होती.

टेंभूरवाल्यांचं चर्चेचं एक पान होतं. मी ते बोट ठेवून वाचत असे. लिहिलं मात्र कधी नाही. त्या हिवाळ्यात तिथे नुसती भांडणं होती. कोणी म्हणे, निखिलला सगळं परिपूर्ण हवं असतं. कोणी म्हणे, त्याला दुसऱ्याच्या हातात काही द्यायचंच नाही. कोणी विचारे, मोठ्या कंपनीच्या ब्राउझरचं तयार इंजिन उचलून बसवलं तर काय बिघडेल? कोणी लिही, फुकटचं काम आहे, घाई असेल त्यानं स्वतः करावं. एकानं तर टेंभुराचं झाड लावलं असतं तरी एव्हाना फळ आलं असतं, असं लिहिलं. वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

त्या रविवारी सगळ्यांची मीटिंग होती, फोनवरून; मी ऑफिस उघडून बसले होते. पुण्याच्या केदारसरांनी ठराव मांडला होता की जुन्या मशीनच्या दुरुस्त्यांसाठी थांबू नये, त्या सोडून द्याव्यात. नव्या मशीनपुरतं काम केलं तर महिन्यात सगळ्यांना वापरायचं व्हर्जन देता येईल. शेवटी मतदान होणार होतं.

निखिलभाऊ म्हणाला की जुन्या मशीनवर टेंभूर मध्येच अडकतो, अशी तक्रार बऱ्याच ठिकाणांहून आली होती. गडचिरोलीची टेस्ट हिरवी असल्यामुळे त्याला वाटलं, जुनी मशीन हे कारण नाही, दोष इंटरनेटकडून माहिती आणणाऱ्या भागात असेल. त्यानं तो भाग पाच महिने खपून पुन्हा लिहिला. तरी तक्रारी थांबल्या नाहीत.

‘‘म्हणजे जे मोडलंच नव्हतं ते तू पाच महिने दुरुस्त करत होतास,’’ केदारसर म्हणाले.

 निखिलभाऊ म्हणाला, ‘‘सुमनताईच्या टेस्टवर माझा भरोसा आहे. त्या खोटी खूण करत नाई.’’

 खोटी खूण मी केली नव्हती. तरी काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मी उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले.

तेवढ्यात कोरपन्याकडच्या एका शाळेतल्या रजनीबाई बोलल्या. त्यांच्याकडेही अशीच जुनी मशीन. त्या म्हणाल्या, ‘‘सकाळी पहिल्या पोराले बरोबर चालते. दुसऱ्याले बी चालते. तिसरं पोरगं बसलं का अडकते. मी म्हणतो, तिसऱ्या पोरानं काय पाप केलं?’’

सगळे हसले. मी मशीनवरच्या लुगड्याकडे बघत राहिले.

आमच्याकडे मेच्या उन्हात कवेलूंच्या छपराखालचं ऑफिस तापतं. पहिल्याच उन्हाळ्यात एका कॉम्प्युटरचा पॉवरचा डबा जळला. तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता, ‘‘बाई, याले दम देत जा.’’ दम म्हणजे विसावा; ते मी धरून ठेवलं. घरी वखराचे बैल जसे सोडायचे, सावलीत बांधायचे, पाणी दाखवायचं, तसं. यादीतलं एक काम झालं की खूण करायची, मशीन बंद करायची, झाकण घालायचं. पंधरा-वीस मिनिटांनी उलट्या हाताने डबा चाचपायचा. गार लागला की पुढचं काम. बावीस कामांना मंगळवारचा पूर्ण दिवस लागायचा. उन्हाळा संपला, पाऊस गेला, थंडी आली, तरी मी दम देतच होते.

रजनीबाईंच्या तीन पोरांमध्ये मशीनला कोणी दम देत नव्हतं.

मी झाकण काढलं आणि मशीन चालू केली. आधी खात्री करायची होती. चुकीचं बोलून हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. टेंभूर उघडला. यादीतलं पहिलं काम केलं, दुसरं केलं, तिसरं केलं. बंद केलं नाही. फोनवर वाद चालूच होता. कोणी जुन्या मशीनच्या बाजूनं, कोणी विरुद्ध. एकजण म्हणाला, ज्यांच्याकडे जुन्या मशीन आहेत ते तर इथे बोलतही नाहीत. ते ऐकून माझे कान तापले. सहावं काम. सातवं. हात सारखा डब्याकडे जात होता, तो मी मांडीखाली दाबून ठेवला.

आमच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. ठरण्याआधी देवाजीभाऊ गप्प बसलेल्यांकडे वळतात आणि एकेकाचं नाव घेऊन विचारतात, तू काऊन चूप? मी आजवर सभेत जे काही बोलले ते असं विचारल्यावरच. या मीटिंगमध्येही मी नकळत त्याचीच वाट बघत होते. इथे तसं विचारणारं कोणी नव्हतं.

‘‘चला, मत नोंदवायला घेऊ,’’ केदारसर म्हणाले.

मी नववं काम करत होते. पान हळू उघडलं. दहाव्याला फॉर्म अर्धा दिसला आणि माउसचा बाण जागीच थांबला. मी माउस हलवला, आपटला. बाण हलला नाही.

मी माइकचं बटण दाबलं.

‘‘थांबा,’’ म्हणाले.

‘‘कोण बोलतंय?’’ केदारसरांनी विचारलं.

नाव सांगायचं सुचलंच नाही. ‘‘जुनी मशीन, गडचिरोली,’’ मी म्हणाले.

कोणीतरी हसलं. 

‘‘अडकली,’’ मी म्हणाले. ‘‘आत्ता, माझ्यासमोर. मी तिले दर टेस्टनंतर बंद केलं. दम दिला. म्हणून आजवर अडकली नाई. आज नाई दिला.’’

‘‘दम?’’

‘‘बैलाले देते तसा.’’

‘‘म्हणजे आठ महिने...’’ केदारसर म्हणाले.

निखिलभाऊनं विचारलं, ‘‘काऊन सांगतलं नाई, ताई?’’

‘‘कोणी विचारलं नाई. मले वाटलं, सगळेच देते.’’

मला वाटलं आता निखिलभाऊ रागावेल. त्याचे पाच महिने माझ्या लुगड्याखाली गेले होते. पण तो म्हणाला, ‘‘किती कामं झाल्यावर अडकली?’’

‘‘दहावं चालू होतं.’’

‘‘बंद नका करू. हात नका लावू तिले.’’

मतदान त्या दिवशी झालं नाही. संध्याकाळपर्यंत निखिलभाऊ आणि केदारसर मला विचारत राहिले आणि मी पडद्यावरचे आकडे वाचून दाखवत राहिले. दोष मेमरीत होता. एखादं पान बंद केलं तरी त्याची जागा रिकामी होत नव्हती. पंगत उठली पण पत्रावळी कोणी उचलल्या नाहीत, की पुढच्या पंगतीला बसायला जागा नाही, तसं. मशीन बंद केली की सगळं एकदम साफ होत होतं. ते मी दर कामानंतर करत होते. नेमकी चुकीची जागा केदारसरांनीच शोधून काढली. त्यांनी तसं चर्चेच्या पानावर मोठेपणा मिरवत लिहिलं नाही, पण दुरुस्ती त्यांच्या नावानं आहे.

तरी व्हर्जन होळीला आलं नाही. एक जागा साफ केली की दुसरी निघे. सात-आठ जण कंटाळून गेले आणि त्यांनी टेंभूरचीच नक्कल घेऊन नव्या मशीनपुरती वेगळी चूल मांडली. ओपन सोर्समध्ये तशी मुभा असते.

मी ग्रामसभेत उभी राहिले आणि सांगितलं की उशिरात माझाही हात आहे. देवाजीभाऊंनी नावं घेऊन सगळ्यांना विचारलं. दोघं म्हणाले, तालुक्याला देऊन टाका. त्यांचं मन वळेपर्यंत तीन सभा गेल्या. तोवर उन्हाळा लागला आणि व्हर्जन आलं. बांबूच्या पुढच्या गाडीची नोंद मी इथूनच केली. नोंदीत दुपार गेली, पण गाडी एसटीच्या भरवशावर राहिली नाही.

टेस्ट करणाऱ्यानं मशीनची काळजी घ्यायची नसते. वापरणारे घेत नाहीत. हे एवढंच मी यातून शिकले, आणि ते शिकायला बऱ्याच लोकांचा वेळ गेला.

आता मंगळवारच्या यादीत तेविसावी ओळ आहे. ‘मशीन सलग किती वेळ चालली?’ दोन तास चालवायची असते. डबा तापतो, पंखा घरघरतो. हात आपोआप पुढे जातो. म्हणून लुगड्याचं झाकण मी घडी करून खुर्चीवर ठेवलं आहे, आणि दोन तास होईपर्यंत त्याच्यावर बसून राहते.