वरचे काका आणि कचऱ्याचा संप

वरच्या काकांइतका ठाम मतांचा माणूस साऱ्या आखातात दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कुवेतच्या मंगफमधल्या आमच्या इमारतीत ते बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, म्हणून बायकोने त्यांचं नाव 'वरचे काका' पाडलं. एरवी माणूस अस्सल अमेरिकन. ताडमाड उंच, साठी उलटलेला, पोलादाच्या कारखान्यांच्या गावात वाढलेला. तेलाच्या पाइपांचे वेल्डिंगचे जोड तपासायला कुवेतला आला आणि इथलाच होऊन गेला. जोड तपासणं हा त्यांचा धंदा असला, तरी बोलताना मात्र ते सगळं तोडूनच टाकायचे. भेंडीपासून ब्रह्मांडापर्यंत कशाबद्दलही त्यांना विचारा, उत्तर तयार. आणि त्या उत्तरात 'बहुधा' हा शब्द मी कधी ऐकला नाही.

अमेरिकेत मोठे पक्ष दोन. त्यांतला एक काकांचा आणि दुसरा म्हणजे जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ. लिफ्ट बंद पडली, कांदे महागले, धुळीचं वादळ आलं, तरी काका घटकाभर विचार करून त्यात त्या दुसऱ्या पक्षाचा हात शोधून काढत. एकदा माझी दाढ ठणकत होती, तेव्हा तीसुद्धा त्यांनी त्याच पक्षाच्या खात्यावर टाकली आणि मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं. निवडणुकीची मतपत्रिका त्यांना टपालाने यायची. ती भरायच्या दिवशी ते दाढी करून, टाय लावून जेवणाच्या टेबलाशी बसत आणि आम्हा तिघांना, म्हणजे मला, बायकोला आणि मुलीला, मुद्दाम बोलावून घेत. मत देताना आजूबाजूला माणसं असावीत, एकट्याने दिलं की चोरी केल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मात्र खूण करायची वेळ आली की एवढा मोठा पंजा कागदावर आडवा धरत. ते कुणाला मत देणार हे खालच्या किराणा दुकानातल्या माणसालाही ठाऊक होतं. पण मत गुप्त म्हणजे गुप्त.

दुसरी श्रद्धा फुटबॉलवर. हा फुटबॉल आपला नव्हे, त्यांचा. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर उडी घेऊन लोळवायचं. त्यातही पगारी खेळाडूंचा खेळ त्यांना चालत नसे, कॉलेजच्या पोरांचाच हवा. त्यांच्या राज्याच्या कॉलेजचा संघ लाल, आणि शेजारच्या राज्याचा निळा. लाल संघाचा सामना शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे दिसायचा. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ होतंय आणि हे एसी पूर्ण थंडीवर ठेवून लोकरीचा लाल स्वेटर घालून बसलेले. हात जर इतका वापरायचा, तर याला फुटबॉल का म्हणतात, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "ब्रदर, तुम्ही पाहुणे आहात." तेवढ्यावर तो विषय मिटला. एका शनिवारी बायको साबुदाण्याची खिचडी द्यायला वर गेली आणि ती दारात असतानाच लाल संघाने बाजी पलटवली. झालं. तेव्हापासून दर सामन्याला उत्तरार्धात तिने दारात खिचडी घेऊन उभं राहायचं, आत यायचं नाही, असा शिरस्ताच पडला. जाब्रियाच्या रुग्णालयातली नर्स ती, दिवसभर पायांवर उभी. पण लाल संघासाठी तिने तेही केलं, आणि उपास नसताना आम्ही हंगामभर साबुदाणा खाल्ला.

'ब्रदर' ही हाकसुद्धा उगाच नव्हती. काकांचे वडील पोलादाच्या भट्टीवर कामगार आणि संघटनेचे कट्टर सभासद. संघटनेत सगळे एकमेकांना ब्रदर म्हणत, म्हणून काकाही सगळ्यांना ब्रदर म्हणत. मॅनेजरला, टॅक्सीवाल्याला, आणि आमच्या इमारतीच्या हारिसलाही. हारिस म्हणजे इमारत राखणारा. झाडलोट, कचरा, गळके नळ, अडकलेली लिफ्ट, सगळं तोच बघायचा. आमचा हारिस इजिप्तचा, पिकल्या मिशांचा, अबोल माणूस. एका शुक्रवारी तो लिफ्टचा आरसा पुसत होता, तेव्हा काकांनी त्याला सहज विचारलं की तुझा सुट्टीचा वार कोणता. हारिसला प्रश्नच कळला नाही. मी मोडक्या अरबीत करून सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, सुट्टी गावी जातो तेव्हा असते. कुवेतमध्येच, खैतानला, त्याचा सख्खा भाऊ राहतो, पण शुक्रवारचं जेवण भावाबरोबर घेऊन कैक वर्षं झाली होती. काकांचा चेहरा लाल स्वेटरपेक्षा लाल झाला.

पुढच्या शुक्रवारी काकांच्या भरीला पडून हारिस खैतानला जाऊन आला. नेमका त्याच दिवशी मालकाचा कारभारी इमारतीत आला, त्याला हारिस सापडला नाही, आणि त्याने रविवारी सरळ फर्मान काढलं: सामान बांध, तुला परत पाठवतो. हारिसचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या नावावर. तो गेला की माणूसही गेला. हारिस आपल्या खोलीत जाऊन बसला. आणि वरच्या काकांनी संप पुकारला.

संप म्हणजे काय, तर हारिसला परत कामावर घेऊन शुक्रवारची सुट्टी देईपर्यंत इमारतीतल्या कुणीही आपला कचरा स्वतः खाली न्यायचा नाही. दुसऱ्याचं काम आपण केलं की संप फुटतो, हे त्यांनी प्रत्येक दारात उभं राहून समजावलं. कारभाऱ्याने दुसरी माणसं झाडायला पाठवली, तर काकांनी त्यांना चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून परत पाठवलं. दोनच दिवसांत जिन्यात उभं राहवेना. समोरच्या घरी मासळी रोजची. त्यात काकांनी पुठ्ठ्याचा फलक केला, माझ्या मुलीकडून त्यावर अरबीत 'हारिसलाही शुक्रवार हवा' असं लिहून घेतलं आणि रस्त्यावर उभं राहायला निघाले. तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. परदेशी माणसाने इथे फलक घेऊन रस्त्यावर उभं राहणं म्हणजे थेट विमानतळ, आणि ज्याच्यासाठी उभं राहायचं तो आधी जाईल, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी ते खालच्या लिफ्टसमोर, आतल्या बाजूला, घडीची खुर्ची टाकून बसायला तयार झाले. मुलगी माझ्यावर चिडली. "बाबा, दॅट्स नॉट फेअर," म्हणाली.

बायको ड्युटीवरून आली ती नाकाला रुमाल लावूनच. दिवसभर मी वॉर्डात जंतू आवरते आणि इथे तुम्ही ते पाळताय, असं तिने काकांना इंग्रजीत चांगलं खडसावलं. काकांनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की तुमच्या नर्सांपैकी एकीने सुट्टी मागितली म्हणून तिला घरी पाठवलं, तर तुम्ही काय कराल? ती तशीच वर आली, आमच्या कचऱ्याच्या पिशवीला दोन गाठी मारल्या आणि पिशवी आमच्याच बाल्कनीत नेऊन ठेवली.

"अहो, बघत काय बसलात? समोरच्यांनाही दोन रिकाम्या पिशव्या नेऊन द्या," ती मला म्हणाली. अशा रीतीने माझं घर संपात सामील झालं.

बुधवारी संध्याकाळी मालक स्वतः आले. मालक म्हणजे एक वृद्ध कुवेती गृहस्थ, हातात काठी, अंगात पायघोळ, पांढरी स्वच्छ दिशदाशा. आम्ही त्यांना आजवर दुरूनच पाहिलं होतं. मी खाली काकांच्या शेजारीच उभा होतो.  मालकांनी कचऱ्याकडे पाहिलं नाही, फलकाकडेही नाही. त्यांची नजर काकांच्या डोक्यावरच्या लाल संघाच्या टोपीवर खिळली.

"माझ्या इमारतीत ही टोपी?" ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले.

तरुणपणी ते पेट्रोलियमचं इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेले होते. शिकले कुठे, तर शेजारच्या राज्यातल्या निळ्या कॉलेजात.

काका खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता संपलं. पण थोड्याच वेळात मालक, काका आणि मी वर काकांच्या दिवाणखान्यात होतो, बायको चहा ठेवत होती, आणि हारिसचं नाव कुणीच काढत नव्हतं. विषय चालला होता दोघांच्या तरुणपणी बर्फात झालेल्या एका सामन्याचा. मालक तेव्हा निळ्या बाजूला कुडकुडत बसले होते, आणि काका समोर लाल बाजूला, वडिलांबरोबर. शेवटच्या क्षणी लाल संघाच्या एका पोराने झेल घेतला आणि सामना जिंकला. तो पोरगा रेषेच्या आत होता की बाहेर, यावर दोन म्हातारे टेबलावर साखरेचे खडे मांडून भांडत होते. बोलता बोलता मालकांनी हेही सांगून टाकलं, की अमेरिकेच्या राजकारणात आपल्याला तो दुसरा पक्षच नेहमी शहाणा वाटत आला. काकांनी कप खाली ठेवला. निळं कॉलेज आणि दुसरा पक्ष, दोन्ही एकाच माणसात, आणि तो माणूस आपल्याच सोफ्यावर. मी डोळे मिटून घेतले.

पण काका अगदी हळू आवाजात वडिलांबद्दल बोलू लागले. आठवड्याच्या एका सुट्टीसाठी वडील अशाच बर्फात कारखान्याच्या फाटकासमोर उभे राहत, घरी चूल जेमतेम पेटायची, आणि तरी आई त्यांना रोज गरम बटाटे नेऊन द्यायची. मालक ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, हारिसला सुट्टी नव्हती? ती कारभारी देतो असं ते धरून चालले होते.

"मला हे कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर खुर्ची टाकून बसलो," काका म्हणाले.

मालकांनी काठीवर हनुवटी टेकवली. हारिस राहील, शुक्रवार त्याचा, कारभाऱ्याला मी सांगतो, असं म्हणाले आणि मग डोळे बारीक करून पुढे म्हणाले, "मात्र एक अट. तो झेल रेषेबाहेर होता, हे कबूल करा."

 बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकलेली. काकांनी खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, टोपीवरून एकदा हात फिरवला. आयुष्यात कुठल्याच मुद्द्यावर माघार न घेतलेला माणूस तो.

"बाहेर होता, ब्रदर," ते म्हणाले.

मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या संध्याकाळी इमारतीतला सगळा कचरा आम्ही सगळ्यांनी मिळून खाली नेला, हारिस नको नको म्हणत असताना.  बायकोने खिडक्या उघडल्या आणि घरभर उदबत्त्या लावल्या. काका मात्र आमच्या सोफ्यावर पडलेल्या चेहऱ्याने बसून होते. झेल आतच होता, असं मला म्हणाले. आणि हे आपल्या भावाला कळलं तर तो आपल्याला उभा चिरेल, असंही. तोवर काकांना भाऊ आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. धाकटा भाऊ, त्या सामन्याला बापाच्या पलीकडच्या हाताला बसलेला. पुढे तो दुसऱ्या पक्षात गेला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"मग फोन करून तुम्हीच सांगा," बायको म्हणाली. "बाहेरून कळण्यापेक्षा बरं."

काकांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून जी आरडाओरड सुरू झाली ती आम्हालाही ऐकू येत होती. मुलीने तिचं जेवण संपवलं, आमची भांडी घासून झाली, तरी दोघे भाऊ त्या झेलावरच होते. मध्येच काका चष्मा काढून डोळे पुसू लागले, तेव्हा आम्ही आतल्या खोलीत गेलो.

वर्षभराने नोकरी संपवून ते मायदेशी गेले, भावाच्याच गावी. तिथून एकदा त्यांनी फोटो पाठवला. लाकडी घर, पुढे हिरवळ, पायरीवर दोन उंच म्हातारे, आणि त्या हिरवळीत शेजारी शेजारी रोवलेल्या दोन विरोधी पक्षांच्या पाट्या. भाऊ रात्री माझी पाटी उपटतो, मी सकाळी परत लावतो, असं खाली लिहिलं होतं.

वर आता एक तरुण जोडपं राहतं. फार सालस माणसं. भेटली की हसतात, हवेबद्दल दोन शब्द बोलतात, आणि विचाराल त्याला 'चालेल' म्हणतात. इमारतीत शांतता आहे आणि ती मला हवीच होती. तरी कधी कधी लिफ्टमध्ये त्यांच्याशेजारी उभा असताना वाटतं, विचारावं यांना, तुमचं मत काय? कशाबद्दलही चालेल, पण जरा जोरात सांगा.