आधी सुटून दाखवा

चंद्रपुरात गाड्यांच्या सीटा शिवणारे एक चाचा आहेत. बोलताना ते गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत, त्याच्या गाडीकडे बघतात. चहा दोन कप मागवतात. एक स्वतः पितात, दुसऱ्यावर बशी झाकतात; तो गिऱ्हाइकाचा, पण काम पास झाल्यावर.

माझ्या सेकंडहँड लाल स्पोर्ट्स कारला मी त्यांच्याकडून शर्यतीच्या गाडीतले, खांद्यांवरून येणारे सीटबेल्टचे पट्टे लावून घेतले. संध्याकाळी चामोर्शीच्या मेहुण्यावर छाप पाडायची होती. चाचांनी बोल्ट आवळले, मला करकचून बांधलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आता सुटून दाखवा भाऊ. गाडी उलटली तं मी थोडीच येतो सोडाले?"

मी बकल दाबलं, ओढलं. खालून सरकायला गेलो, तर शर्ट गळ्याशी आला. बघे जमले.

"काऊन चाचा, कोनाले पकडलं?"

"गिऱ्हाईक हाय. सुटाले शिकून राह्यलं."

शेवटी चिडून मी बकल पिळलं आणि सगळे पट्टे खट्कन सुटले. चाचांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, किल्ली दिली, बशी काढली. चहा पार गार होता, पण मी चवीनं प्यायलो.

चामोर्शीत पोचल्यावर मेहुण्याला सीटवर बांधलं, किल्ली खिशात टाकली आणि दोन कप चहा मागवला.