वसुधाचा सिग्नल

वसुधा गेल्याचं मी देवधरांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते पलीकडे रडू लागले. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. मी स्वतः अजून रडलो नव्हतो. कागदपत्रं, मुलीचं विमान, कोणाकोणाला कळवायचं... या सगळ्यात ते राहूनच गेलं होतं. माझ्या बायकोसाठी माझ्याआधी दुसरा माणूस रडला, याचा मला राग आला. तो राग आज काही महिन्यांनंतरही पुरता गेलेला नाही.

वसुधा रसायनशास्त्रज्ञ होती आणि देवधर प्रयोगशाळेतले तिचे सहकारी. मी सदाशिव पेठेतल्या आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका कॉलेजात मराठी शिकवत असे. संध्याकाळी पानं घेतली की देवधरांचा फोन यायचा. "रेषा किती आल्या?" असं ती विचारायची आणि पुढे जे बोलणं चालायचं त्यातलं मला क्रियापदांपलीकडे काही कळत नसे. आमटी निवायची. मी ती पुन्हा गरम करायचो.

तिच्या विषयाबद्दल तिच्याकडूनच जे थोडंफार समजलं ते असं. रेणूत इलेक्ट्रॉन सहसा जोडीनं असतात, एकाचा स्पिन वर तर दुसऱ्याचा खाली, त्यामुळे त्यांचं चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकतं. क्वचित एखादा जोडीशिवाय उरतो. असा रेणू फार टिकत नाही, शेजारच्याकडून काहीतरी ओढून घेतो आणि शांत होतो. वसुधाला असे रेणू टिकवायचे होते. त्यातच तिची सगळी वर्षं गेली.

एकदा मंडईतून भाजी घेऊन परतताना मी मोठ्या उमेदीनं विचारलं, "स्पिन म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणं ना?"

"फिरत वगैरे काही नाही. नाव तसं पडलंय."

"मग करतो काय तो?"

"ते शब्दांत नाही सांगता यायचं, अहो. गणितात येतं."

मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेत ती सहज बोलून गेली. माझ्या मनात ते घरापर्यंत घोळत राहिलं. माझ्याकडे शब्दांखेरीज दुसरं काही नव्हतंच. ती जिथे दिवसभर असायची तिथे माझे शब्द पोचत नव्हते आणि देवधरांना तिथे मुक्तद्वार होतं.

देवधर अधूनमधून घरी चहाला येत. एकदा मी त्यांच्यासमोर "तो बिचारा एकटा इलेक्ट्रॉन" असं काहीतरी म्हणालो. वसुधानं कप खाली ठेवला. "बिचारा कशानं? एकटा आहे, दुःखी नाहीये. उगाच त्याला कवितेत घालू नका." त्यावर देवधर म्हणाले, "सर, त्याच्या एकटेपणावर आमचे पगार चालतात." मग दोघं एकदमच हसले. त्याच दिवशी देवधरांनी मला सांगितलं, की यंत्रावर उमटलेल्या नुसत्या रेषा बघून तो इलेक्ट्रॉन कुठल्या अणूपाशी किती वेळ घालवतो हे वसुधाबाई सांगू शकतात. तिच्या शास्त्रात मला खरा रस वाटला तो तेवढ्याच वेळी. तसं एखादं यंत्र आमच्याही घरात असायला हवं होतं.

ती गेल्यानंतर महिन्याभरानं देवधरांचा फोन आला. "सर, बाईंच्या शेवटच्या रेणूचा सिग्नल उतरत चाललाय. नळी थंडीत ठेवलीय, पण तो काही कायमचा नाही. बघायचा असेल तर लवकर या."

इतक्या वर्षांत मी प्रयोगशाळेच्या फाटकाच्या आत गेलो नव्हतो. तिनं कधी बोलावलं नाही आणि मीही हट्ट केला नाही. खोलीच्या दाराशी देवधरांनी घड्याळ आणि मोबाइल बाहेर ठेवायला सांगितलं, आत मोठं चुंबक होतं. "बसा, बाईंची खुर्ची आहे," ते म्हणाले. तिच्या खुर्चीवर बसायची परवानगी मला त्यांच्याकडून मिळत होती. त्यांनी आधी ओळखीची एक जांभळी पूड यंत्रात लावली. तिची रेषा जागच्या जागी आली, म्हणजे यंत्र ठीक आहे, मग आपला नमुना. "आम्ही घाईत असलो की ही पायरी गाळायचो. बाई कधीच नाही." मग त्यांनी काचेची बारीक नळी आत सोडली. पडद्यावर एक रेषा थरथरत सरळ चालली होती. ती मध्येच उचलली गेली, खाली उतरली, पुन्हा उचलली गेली... आणि सरळ झाली. एवढंच होतं ते.

देवधर पडद्याकडे बघतच बोलू लागले. "हा सिग्नल पहिल्यांदा आला ना, त्या दिवशी आम्ही सगळे ओरडलो, कोणी पेढे आणायला धावलं. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पर्स उचलली आणि भरदुपारी सरळ घरी गेल्या. मला ते लागलं हो, सर. इतकी वर्षं बरोबर काम केलेलं..." मग ते माझ्याकडे वळले. "घरी येऊन काय म्हणाल्या त्या?"

ती दुपार मला लख्ख आठवत होती. चपलाही न काढता ती आत आली होती, ती असं कधी करत नसे. ओट्याच्या कोपऱ्याला टेकून उभी राहिली, मी चहाचं आधण ठेवेपर्यंत थांबली आणि मग एकच वाक्य बोलली.

"आठवत नाही," मी म्हणालो.

देवधरांनी मान हलवली. नळी जपून बाहेर काढली आणि परत थंडीत ठेवली. फाटकापर्यंत ते मला सोडायला आले.

सकाळी चहा करताना मी अजूनही ओट्याच्या त्या कोपऱ्यावर काही ठेवत नाही. ते वाक्य मला तोंडपाठ आहे. इथे लिहिलं असतं, तर वसुधा कशी होती हे वाचकांना या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त कळलं असतं. पण देवधर ही रविवारची पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचतात.