बिभीषणच्या गटातलं काम

“आपल्याच मानसाला काय इचारायचं?” बिभीषण एकदा म्हणाला होता. बापाची मेंढरं त्याला न विचारता विकून आला, तेव्हा. त्याचा बाप, येडू, होटगीच्या घरात भिंतीकडं तोंड करून निजला. पुढं जेवला, हिंडला. पोराशी मात्र बोलला नाही.

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बिभीषण क्लस्टर सांभाळायचा. म्हणजे एका थंड खोलीत रचलेले पुष्कळ संगणक, मिळून मोठमोठी गणितं करणारे. एकेका गणिताचे तुकडे सगळ्या संगणकांवर पसरलेले असत. एका माणसाच्या सगळ्या गणितांचे तुकडे मिळून एक गट. गटाला दिलेला सिग्नल सगळ्यांना एकदमच पोचतो. सिग्नल दोन. पहिला म्हणतो, आवरून घे. मग गणित झालं तेवढं लिहून ठेवतं आणि थांबतं. दुसरा काहीच म्हणत नाही. तो आला की गणित नसतं.

लोकांच्या गटांना बिभीषण पहिला सिग्नल द्यायचा आणि वाट बघत बसायचा. दुसरा फक्त स्वतःच्या गटाला. त्यात त्याच्या चाचण्या असत. गेल्या तर गेल्या.

करकंबची सुकन्या भूजलावर पीएच.डी. करत होती. तिचं गणित मोठं, ठरलेल्या मुदतीत पुरं होत नसे. मुदत संपली की पुन्हा रांगेत शेवटी.

“फेलोशिप संपत आली, दादा,” ती म्हणाली. “आता जमलं नाही तर करकंबला परत. घरी स्थळं बघून ठेवलीत.”

“माज्या गटात टाकतो. तितं मुदत न्हाय.”

“सर ओरडतील.”

“वरडू दे की. तू काय परकी हायस व्हय? फकस्त शेंगाचटणी आणत जा.”

मे महिन्यातल्या एका दुपारी खोलीतला एसी बंद पडला. विभागप्रमुख दिग्विजय सर दारातून ओरडले, “अर्धी मशीनं बंद कर, पेटतील!”

बिभीषणनं नेहमीसारखा आधी आपला गट मोकळा केला. दुसरा सिग्नल, एकच ओळ. मग इतरांना पहिला सिग्नल दिला आणि घाम पुसत एकेकाचं आवरून होईस्तोवर थांबला.

“शाबास,” सर म्हणाले. “कुणाचं काही गेलं नाही.”

खोली निवल्यावर सुकन्या आली. हातातला चटणीचा डबा टेबलावर ठेवून ती पडद्याकडं बघत राहिली.

“दादा, माझं कुठंय?”

बिभीषणनं पडद्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

“आदी... आपलीच बंद केली.”

“बाकीच्यांना आवरायला वेळ दिलास?”

त्यानं होकारार्थी मान हलवली.

“आणि मला?”

त्याचा हात कीबोर्डवर गेला आणि तसाच राहिला. गेलेल्याला परत आणणारा सिग्नल नसतो, हे तिलाही ठाऊक होतं. ती रडली नाही. खुर्चीत बसली आणि हळूहळू तोंड भिंतीकडं फिरवलं.

बिभीषण त्या पाठीकडं बघत उभा राहिला. मग दार उघडून, बाहेर काढलेल्या चपला तिथंच सोडून, तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत गेला.