गाळलेल्या ओळींची फाइल

त्या हिवाळ्यात मी जवळजवळ दर रविवारी साकोलीहून सानगडीला गेले. आता आठवायला बसलं की ते सगळे रविवार एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांची एकच लांब, उबदार दुपार होते. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या रिकाम्या, त्यांच्यामधल्या धुऱ्यांवर ऊन पसरलेलं. बस तलावाच्या पाळीला लागून हळूहळू वळायची. खिडकीशी बसून मी अर्धवट झोपेत असायची, आणि पाण्यावरची चकाकी मिटल्या पापण्यांतूनही दिसत राहायची.

जायची ती माझ्या चौथीच्या बाईंकडे. बाईंनी सगळी नोकरी लहान लहान गावांतल्या शाळांत काढली होती. पुढे आमचा जिल्हा फुटून दोन झाले तेव्हा त्यातली निम्मी गावं गोंदियाकडे गेली. जिथे बदली होई तिथल्या बायकांकडून त्या शब्द गोळा करत. धानाचे, तलावाचे, जंगलाचे, सैपाकाचे. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर एकेक शब्द आणि त्याचा अर्थ लिहायचा, असे त्यांचे गठ्ठे होते. वर्गात एखाद्या पोरानं घरचा शब्द वापरला तर इतर गुरुजी त्याला सुधारून सांगत. बाई मात्र शिकवणं थांबवून तो शब्द लिहून घेत. आम्हांला त्याची गंमत वाटे.

मी तेव्हा साकोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. सानगडीच्या बाजारात बाई भेटल्या आणि माझं काम ऐकून मला थेट घरीच घेऊन गेल्या. आलमारीतून त्यांनी एक सीडी काढली. तिच्यावर एकोणीस फाइली होत्या. कार्डांवरचे शब्द बाई वाचून दाखवायच्या आणि काकाजी, म्हणजे बाईंचे यजमान, ते टाइप करायचे. काकाजी पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले, मराठी टाइपरायटरवर हात बसलेला. पुढे त्यांचा कॉम्प्युटर बिघडला, आणि दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ती सीडी उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि टिंबांचा कचरा दिसायचा. दोन-तीन जणांनी पाहून, फाइली खराब झाल्या असं सांगून टाकलं होतं.

"तुले वाचता येते का हे?" बाईंनी विचारलं. मी फाइल उघडून पाहिली आणि म्हटलं की खराब काही झालेलं नाही. जुन्या काळच्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी आकार एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असे. तो फॉन्ट गेला, म्हणून खालची अक्षरं उघडी पडली. कोणतं चिन्ह कोणाच्या जागी आहे ते शोधलं की सगळे शब्द परत येतील.

काकाजी तिथेच बाजेवर बसले होते. फार कमी बोलणारा माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता किंचित बाजूला पाहायचे.

पुढचे दोन महिने मी लॅबमधली पोरं गेली की संध्याकाळपर्यंत तेच करत बसे. मी शेल स्क्रिप्ट लिहीत होते. म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेल्या सूचना: हे चिन्ह दिसलं की त्या जागी हे अक्षर ठेव, ओळ अशी असेल तर पुढे पाठव, तशी असेल तर बाजूला काढ. एकदा सूचना नीट लिहिल्या की हजारो ओळी डोळ्याचं पातं लवायच्या आत पार होतात. पण नीट लिहिणं हीच सगळी मेहनत. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते, आणि काकाजींनी ती तशीच मारली होती. तेव्हा प्रत्येक वेलांटीला उचलून एका अक्षरापलीकडे ठेवायचं. जोडाक्षर आलं की ती मध्येच अडकायची. रफाराचं उलटं, त्याला मागून पुढे आणायचं. एक नियम सुधारला की दुसरीकडचं काही बिघडे. लॅबच्या खिडकीबाहेर कडुनिंब होता, त्याची सावली टेबलावरून सरकत भिंतीवर जायची, आणि मला कळायचंही नाही की दोन तास गेले.

मग एके दिवशी त्या कचऱ्यातून पहिली ओळ सरळ उभी राहिली. ‘चिखलणी - रोवणीआधी बांधीत पाणी घेऊन माती कालवणे.’ त्याखाली ‘पऱ्हे - रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं.’ त्याखाली ‘तुडूम - तलावातून पाणी सोडायची वाट.’ मी त्या ओळी मोठ्यानं वाचल्या. लॅबमध्ये कोणी नव्हतं. वाचताना माझ्या कानात बाईंचा चौथीच्या वर्गातला आवाज होता आणि पायांखाली गार, मऊ चिखल असल्यासारखं वाटलं.

फाइली स्वच्छ करण्यासाठी मी शेवटी एक सोपा नियम लावला होता. प्रत्येक ओळीत शब्द, मग आडवी रेघ, मग अर्थ असं असायला हवं. ज्या ओळीत रेघ नाही ती रद्दी समजून बाजूला गाळायची. काम झाल्यावर सवयीनं मी ओळी मोजल्या. जितक्या आत गेल्या त्यापेक्षा त्रेचाळीस कमी बाहेर आल्या होत्या. रेघ टाइप करायची राहून गेलेले शब्द असतील असं समजून मी गाळलेल्या ओळींची फाइल उघडली.

त्यात एकही शब्द नव्हता. म्हणजे बाईंचा एकही नव्हता.

‘आज हिने सात शब्द सांगितले आणि बसल्या जागी झोपली.’

‘पाऊस. छपरावर कवेलूंच्या आवाजात काही ऐकू येईना. मी नुसता काय? काय? विचारत राहिलो.’

‘हा शब्द सांगताना हसली. अर्थ विचारला तर सांगत नाही.’

‘वीज गेली. बाहेर बसलो दोघे.’

अशा ओळी. बाई शब्द सांगून घटकाभर थांबल्या असतील, कार्ड शोधत असतील, तेवढ्यात काकाजींनी टाइप केलेल्या. मी ती फाइल पटकन बंद केली. कोणाच्या तरी घराचं दार चुकून उघडावं तसं झालं.

पुढच्या रविवारी बाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी काकाजींना हळूच सांगितलं. ते म्हणाले, त्या ओळी काढून टाक, पण त्याआधी एकदा मला वाचून दाखव, माझे डोळे आता अक्षर धरत नाहीत. बाई गुरुवारी दुपारी भजनाला जातात, तेव्हा ये.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून गेले. अंगणात बोरीच्या झाडाखाली काकाजींनी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मी छापून आणलेला कागद उघडला आणि खालच्या आवाजात वाचू लागले. ते मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदा किंचित हसले. शेजारच्या घरी कोणीतरी डाळ पाखडत होतं, तो सुपाचा आवाज एका लयीत येत होता. मला वाटलं ही दुपार अशीच चालू राहील, कागद संपणारच नाही.

शेवटी शेवटी या ओळी होत्या:

‘फार दमते. ऐकत नाही. कार्डांचा गठ्ठा लपवला. दोन दिवस तरी आराम करील.’

‘आजही शोधते आहे. सांगू का?’

‘परत आलमारीत ठेवला. सापडला तर काही बोललीच नाही.’

मी थांबले, कारण काकाजींनी मान वर करून माझ्या मागे पाहिलं होतं. दिसत नसलं तरी पाऊल त्यांना ओळखू आलं असणार. बाई फाटकाशी उभ्या होत्या. हातात टाळ होते. भजन लवकर सुटलं होतं.

"वाच," बाई मला म्हणाल्या. "पुढचं वाच."

पुढे फक्त दोन ओळी होत्या. ‘आज शब्द सांगितले नाहीत.’ आणि ‘आजही नाही.’ तिथे शेवटची फाइल संपत होती.

बाई येऊन पायरीवर बसल्या. टाळ मांडीवर ठेवले. त्या काकाजींकडे न पाहता बोलल्या.

"ते आलमारी मी तीनदा शोधली होती. तीनदा. मंग त्याच जागी गठ्ठा दिसला. मले वाटलं माही याद जाऊन राहिली. माह्या मायची गेली होती तशीच."

काकाजींनी आवाजाच्या दिशेनं खुर्ची वळवली.

"म्हणून बंद केलं मी," बाई म्हणाल्या. "तुमाले वाटलं मले कंटाळा आला. मी रोज सकाळी उठून शाळेतल्या पोरायची नावं घोकत होती, विसरली तर नाही ना म्हणून. सहा वर्षं झाली."

"मले सांगतलं काहून नाही?" काकाजींचा आवाज इतका बारीक होता की सुपाच्या आवाजात तो बुडालाच.

"तुमी सांगतलं होतं काय?"

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि निघाले. कोणी थांबवलं नाही. बससाठी उभी असताना माझ्या मनात येत राहिलं की वेगळ्या काढलेल्या त्या ओळी मुकाट पुसून टाकल्या असत्या तर बरं झालं असतं. एका आज्ञेचं काम होतं. पण मग बाई उरलेली वर्षंही त्याच भीतीत सकाळची नावं घोकत राहिल्या असत्या, हेही खरं.

दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी बाईंनी निरोप पाठवला, काम अर्ध्यावर टाकून कुठे बसलीस.

गेले तेव्हा घर नेहमीसारखंच होतं. बाई काकाजींशी बोलत होत्या, पण कामापुरतं. त्यांचं जेवण वाढत होत्या, ताटाकडे हात धरून नेत होत्या, फक्त त्यांच्या शेजारी बसत नव्हत्या. मला त्यांनी सगळ्या त्रेचाळीस ओळी पहिल्यापासून वाचायला लावल्या. मध्ये मध्ये थांबवून दुरुस्त्या सांगितल्या. बसल्या जागी झोपली असं ज्या दिवशी लिहिलं आहे त्या दिवशी त्या झोपल्या नव्हत्या, रागावून डोळे मिटून बसल्या होत्या. काकाजींनी मान डोलावली आणि त्यांना ते तेव्हाच कळलं होतं असं सांगितलं. मग तसं काहून लिहिलं, असं बाईंनी विचारलं. तुझ्या शब्दांच्या कागदावर तुझा राग कायले लिहू, असं ते म्हणाले. त्यावर बाईंना हसू आलं, आणि ते त्यांना आवरता आलं नाही.

त्या दिवशी त्या उठून बाजेवर त्यांच्या बाजूला बसल्या.

मग ठरलं ते असं. गावच्या शाळेला द्यायची प्रत नुसत्या शब्दांची. घरची प्रत वेगळी, तिच्यात काकाजींच्या ओळी ज्या शब्दांच्या मध्ये आल्या होत्या तिथेच ठेवायच्या. मी स्क्रिप्टमध्ये एक सूचना बदलली, आणि एकाच मूळ फाइलीतून दोन्ही प्रती निघाल्या. साकोलीत झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. शाळेची प्रत बाई स्वतः नेऊन देऊन आल्या. घरची प्रत देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेली.

जंगलाचे शब्द मात्र फारसे जमले नव्हते, ते पुढे करू म्हणत राहूनच गेले होते. त्या उन्हाळ्यात, मोहफुलांच्या दिवसांत, बाईंनी नाकाडोंगरीकडच्या एका जुन्या विद्यार्थिनीला कळवलं, आणि आम्ही तिघं तिच्याकडे मुक्कामाला गेलो. पहाटे ती आम्हांला मोहाखाली घेऊन गेली. झाडावरून फुलं एक एक पडत होती, टप, मग कितीतरी वेळ काही नाही, मग परत टप. हवेत दारूसारखा गोड, जड वास होता. बायका टोपल्या घेऊन वाकून वेचत होत्या आणि बाई त्यांच्या मागे मागे फिरत विचारत होत्या, याले काय म्हणता, अन् त्याले काय म्हणता. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. काकाजी माझ्या शेजारी सतरंजीवर टेकले होते. बाईंचा आवाज झाडांमधून कधी जवळ यायचा, कधी दूर जायचा, आणि जो शब्द मला नीट ऐकू येत नव्हता तो ते मला सांगत होते.